कायम बाई होण्यासाठी

आमच्या गावात मुलींची शाळा होती, पण बाई टिकत नसे. आरे-वाऱ्याच्या पुढे खाडीकाठचं गाव. पावसाळ्यात खाडी ओलांडायची होडी बंद झाली की बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. बाहेरून आलेली बाई एक पावसाळा कसाबसा काढायची आणि दिवाळीच्या सुट्टीला गेली की परत यायची नाही. पुरुष मास्तर नेमला की मुली घरी बसायच्या. शेवटची बाई गेली तेव्हा मी लग्न होऊन या गावात नुकती रुळले होते. सासरे नव्हते. नवरा मुंबईला बोटीवर खलाशी. वर्षातून एकदा येणार, महिनाभर राहणार. घरात सासूबाई आणि मी. मी माहेरी मराठी चौथी झाले होते, आणि सासूबाईंना त्याचा माझ्याहून जास्त अभिमान होता.

शाळा तपासायला डेप्युटीसाहेब आले. गावातली माणसं त्यांना दिपोटी म्हणत. बाई नसेल तर शाळा बंद करावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. माणसं खाली मान घालून ऐकत होती. मागे बायकांत उभ्या असलेल्या सासूबाई तिथूनच बोलल्या, "आमची सून चौथी पास हाय. तिला बसवा."

साहेब हसले नाहीत, हे मला आजही बरं वाटतं. ते म्हणाले, "चौथीवर बाई नेमता येत नाही, आजी. निदान फायनल हवी. मराठी सातवीची परीक्षा. आणि कायम व्हायचं तर पुढे ट्रेनिंग."

"फायनल कुठं होते?"

"रत्नागिरीस."

"मंग जवळच की," सासूबाई म्हणाल्या. जणू काही अंतराचाच प्रश्न होता.

मुलींची शाळा चौथीपर्यंतच. सातवी हवी तर मुलग्यांच्या शाळेत जायला हवं. तिथले मोठे गुरुजी वयस्क, करडे, कमी बोलणारे. सासूबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि मग मला म्हणाले, "मोडी येते?"

"नाही. बाळबोध येतं."

"मोडी वाचायला लागेल. तोंडी हिशोब लागतील. पोरं हसतील."

"हसू देत," मी म्हटलं. 

वर्गात एका कोपऱ्यात माझं आसन. पुढे मिसरूडही न फुटलेली मुलं, मागे लुगड्यातली मी. पहिले काही दिवस मुलं खरंच हसली. मग त्यांना कंटाळा आला. मोठ्या माणसांना मात्र कंटाळा आला नाही. वाडीतले एक पुढारी घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "नवरा घरी नाय आणि सून पोरांच्यात जाऊन बसते. बरं दिसत नाय."

 दुसऱ्या दिवशी सासूबाई काथ्याचं गाठोडं घेऊन माझ्याबरोबर निघाल्या आणि शाळेच्या पडवीत सुंभ वळत बसल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. पुढे ती रीतच झाली. मी आत, त्या बाहेर. शेती आणि मासळीच्या कामातून वेळ काढून त्या जमेल तेव्हा येत, आणि त्यांना पडवीत बसलेलं पाहिल्यावर कुणाची काही म्हणायची छाती होत नसे. पुढारी एकदा रस्त्याने जाताना थांबले. सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "तुमची नात कुठल्या शाळेत घालनार?" ते तसेच पुढे गेले.

मोडीने मला फार छळलं. अक्षरं एकमेकांच्या गळ्यात हात घालून बसलेली. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते कळत नसे. गुरुजी शिकवत तेही कठोरपणे. मी चुकले की ते "पुन्हा" म्हणत, बस्स. कधी रागावले नाहीत, कधी शाबासही म्हणाले नाहीत. मला वाटे, यांना मी नकोशी आहे. परीक्षेला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र ते घरी आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "मोडीचा कागद हातात आला की आधी पूर्ण डोळ्यांखालून घाल. घाईने पहिलं अक्षर वाचू नको." आणि गेले.

रत्नागिरीला आम्ही दोघी किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गेलो. परीक्षेच्या खोलीत बायका अगदी मोजक्या होत्या. मोडीचा कागद आला तेव्हा मी गुरुजींनी सांगितलं तसं केलं. पास झाले. निकाल कळला तेव्हा सासूबाई वाल निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर डोळ्यांना लावला आणि परत सूप हातात घेतलं.

मुलींची शाळा पुन्हा उघडली. मी तिथली बाई झाले, पण कच्ची, कायम नव्हे. मधल्या काळात मला मुलगी झाली. तिला झोळीत घालून मी शाळेत न्यायची. एखादी मोठी मुलगी पाढे म्हणता म्हणता झोळीला झोका द्यायची. मला वाटलं, आता असंच चालेल. पण ती तीनेक वर्षांची झाली तेव्हा वरून हुकूम आला. ट्रेनिंगला जा, नाहीतर तुमच्या जागी ट्रेनिंग झालेली बाई येईल. ट्रेनिंग म्हणजे पुणं. दोन वर्षं.

त्याच सुमारास नवरा रजेवर आला होता. मी त्यांना जेवायला वाढताना सांगितलं. ते जेवत राहिले. मग म्हणाले, "पोर लहान आहे."

"आत्याबाई आहेत," मी म्हटलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

"दोन वर्षं म्हणजे फार झाली."

"तुम्ही तर वर्षातून एकदा येता."

"माझं जाणं वेगळं."

"कसं?" मी विचारलं. मी खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता. ते हात धुवायला उठले.  तिसऱ्या दिवशी ते रत्नागिरीच्या बाजारातून पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन आले आणि ओटीवर ठेवली. कडी नीट लागते का, ते स्वतः चार वेळा पाहिलं. उत्तर त्यांना मिळालं नव्हतं, एवढं मला कळलं.

मी आगबोटीने निघाले, मुंबईवरून पुण्याला. बंदरावर मुलगी सासूबाईंच्या कडेवर होती. ती रडली नाही. तिला पाणी आणि बोट यांचंच कौतुक होतं. रडणं माझ्याच वाट्याला आलं.

पुण्याला माझ्या बोलण्याला बरोबर शिकणाऱ्या बायका हसत. मी शब्द त्यांचेच वापरायची, पण हेल कोकणातला, तो कुठे लपवणार? मी गप्प राहू लागले. पण तिथे गप्प राहून भागत नसे. प्रत्येकीला खऱ्या मुलींच्या वर्गावर पाठ द्यावा लागे, आणि बरोबरीच्या सगळ्या जणी मागे बसून चुका टिपत. माझ्या पहिल्या पाठाला मी विषय निवडला भरती-ओहोटीचा. म्हटलं, हा तर माझ्या अंगणातला. चंद्र, समुद्र, पाणी कधी चढतं, कधी उतरतं, सगळं मी न अडखळता सांगितलं. वर्गातल्या मुली शांत होत्या. मला वाटलं, जिंकलं.

मागच्या बायकांनी टीका केली ती माझ्या हेलावर. आमच्या मुख्य बाईंनी त्यांना थांबवलं. "हेल राहू द्या, त्याने काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "या मुलींपैकी समुद्र किती जणींनी पाहिला आहे, हे तुम्ही विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. वर्गातल्या एकीनेही समुद्र पाहिला नव्हता. मी त्यांच्यासमोर सबंध वेळ बोलत होते आणि त्या मुलींच्या डोळ्यांपुढे काहीच नव्हतं.

"प्रश्न विचारा," बाई म्हणाल्या, "आणि विचारल्यावर थांबा. उत्तर येईपर्यंत थांबायला फार धीर लागतो."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या, तरी मी पुढे कित्येक दिवस त्या वाक्याशी झगडत होते. माझ्या गावच्या शाळेत मी तीन वर्षं शिकवलं होतं. कधी थांबले होते का? मुली पाठ केलेलं म्हणून दाखवायच्या आणि मी खूश व्हायची. ट्रेनिंगची सक्ती मला तोवर सरकारी अडवणूक वाटत होती. आता तसं ठामपणे म्हणवेना.

दोन वर्षांनी परत आले. मुलगी अंगणात होती. मी हाक मारली तशी ती आत पळाली आणि सासूबाईंच्या मागे लपून म्हणाली, "आये, कोन आलंय?" सासूबाई ओशाळल्या. "अगो, ही तुझी आये," त्या म्हणाल्या. मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांचा पदर घट्ट धरला. मी तिला जवळ ओढलं नाही. ओढलं असतं तर आणखी लांब गेली असती.

शाळा सुरू झाल्यावर तीही इतर मुलींबरोबर येऊ लागली. वर्गात सगळ्या मला बाई म्हणत, म्हणून तीही बाई म्हणू लागली. मग घरीही तेच. सासूबाई तिला दटावायच्या, तेव्हा मीच म्हणायची, "राहू द्या, आत्याबाई. कुठल्या तरी नावाने हाक मारते ना."

डेप्युटीसाहेब बदलले होते. नव्या साहेबांनी माझे कागद पाहिले, पाठ ऐकला आणि मला कायम केलं. सासूबाईंनी त्या दिवशी वाडीभर गूळ वाटला. त्या पुढाऱ्यांच्या घरीही त्या स्वतः जाऊन आल्या. त्यांची नात तेव्हा माझ्या दुसरीच्या वर्गात होती.

माझी मुलगी वर्गात बोलत नसे. इतर मुलींना मी प्रश्न विचारायची, थांबायची, आणि कुठून तरी उत्तर यायचं. तिला विचारलं की ती पाटीकडे बघत राहायची. दुसऱ्या एखादीने सांगून टाकू नये म्हणून मी हात वर करून वर्गाला गप्प ठेवायची. असे किती तरी दिवस गेले. आणि एकदा, ओहोटीला खाडीतल्या होड्या चिखलात कलत्या का होतात असं विचारल्यावर ती पाटीवरची नजर न काढता म्हणाली, "पानी गेलं म्हनून."

"कुठे गेलं?" मी विचारलं.

तिने वर पाहिलं. विचार करत राहिली. वर्गही थांबला होता.

"म्हाईत नाय," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, बाई."

मी तिच्या शेजारी खाली बसले आणि सांगू लागले.