एकेक वेगळं बांधून पाहताना

आमच्या जिंतूरच्या घरातला कॉम्प्युटर झोपायला कधी कुरकुर करत नव्हता. खोड होती ती उठताना. वीस मिनिटं कुणी हात लावला नाही की पडदा काळा व्हायचा. मग माऊस हलवला की अक्षरं परत दिसायची खरी, पण बाण हलायचा नाही, बटणं दाबून काही उमटायचं नाही. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा झोपताना जिथं होतं तिथंच. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं, आणि लिहिलेलं गेलं म्हणायचं.

माझं काही जात असतं तर मी चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण जात होतं ते अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील. निवृत्त प्राथमिक शिक्षक, आमच्या मेंढपाळ घराण्यात शाळेत टिकलेले पहिले. ऐंशी उलटल्यावर त्यांनी माझ्या आजोबांच्या कळपाबद्दल लिहायला घेतलं होतं. मेंढ्यांच्या कानांच्या खुणा, रंगांची नावं, माळावरून खाली पूर्णेकाठी उतरताना कुणाच्या रानात कळप बसवायचा ते सगळं. हे सांगू शकणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. एका बोटानं टायपिंग, दुपारभरात एखादं पान. त्यात मास्तरकीची सवय अशी, की पान पुरं झाल्याशिवाय सेव्ह करायचं नाही. "अर्धी वही कुणी तपासायला देतं का?" म्हणायचे. मी खूप डोकेफोड केली, उपयोग शून्य.

आणि नेमकं एकच पान तीनदा गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला. "राहू दे बाई. आता ते पुन्हा न्हाई यायचं."

अण्णा हट्टी आहेत, राहू दे म्हणणारे नाहीत.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं दहा वेळा झोपवला, दहा वेळा उठवला, कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. "ताई, ती झोपेची सेटिंगच बंद करून टाका," तो म्हणाला. उपाय सोपा होता, नाही कसं म्हणू? पण भाजी का करपली हे कळल्याशिवाय मी दुसरी फोडणी टाकत नाही. घरातले यावरून मला हसतात, हसू देत. परक्या माणसासमोर शहाण्यासारखं वागणारं यंत्र अण्णांनाच का दगा देतं, हे मला कळायलाच हवं होतं.

दुरुस्तीवाला गेल्यावर अण्णा खुर्चीतून म्हणाले, "मेंढी दुखण्यात हाय का न्हाई, ते जवळ जाऊन कळत नसतंय. माणूस आला की ती मान वर करून उभी राहती, दुखणं दावत न्हाई. लांब बसून बघायचं. आन् एकेक येगळी बांधायची."

मी तसंच करायचं ठरवलं. दोन मिनिटं झोपवला, नीट उठला. तासभर झोपवला, अडकला. दुरुस्तीवाल्याला तेवढा धीर नव्हता, म्हणून त्याला काही दिसलं नाही. मग रोज एक वायर काढायची, तासभर तिकडं फिरकायचंसुद्धा नाही, भांडी घासून, कपडे वाळत घालून यायचं आणि माऊस हलवायचा. प्रिंटर काढला, अडकला. स्पीकर काढले, अडकला. नेटचा छोटा डोंगल काढला, तरी अडकला. खरं सांगते, मला यात मजा वाटू लागली होती.

चौथ्या दिवशी अण्णांनी विचारलं, "आता काय ऱ्हायलं?"

"काहीच नाही."

"आन् ती काळी डबी?"

काळी डबी म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. त्यांचं लिखाण सुरक्षित राहावं म्हणून मीच परभणीहून आणली होती. त्यांची फाइल तिच्यातच उघडायची अशी व्यवस्थाही माझीच.

"तिचं काय, अण्णा? ती तर राखणीला ठेवलीय."

मी डबी काढली. तासाभरानं माऊस हलवला, आणि घड्याळ एकदम तासभर पुढं सरकून चालायला लागलं. डबी एकदा झोपली की उठतच नव्हती, आणि कॉम्प्युटर बिचारा तिच्या दारात ताटकळत बसायचा. कोडं सुटल्याचा आनंद झाला आणि लाजही वाटली.

अण्णा मात्र खिडकीबाहेर बघत होते. "आमच्यात बी असंच झालतं," ते म्हणाले. "एक घंटीची मेंढी होती, कळपाच्या म्होरं चालायची. एका साली खोकला पसरला. बापानं एकेक करून सगळ्या येगळ्या बांधल्या, तिला तेवढं न्हाई. तिच्यावर लय भरवसा. निम्मा कळप गेला."

"अण्णा, हे लिहिलंत तुम्ही?"

"तेच तर पान."

मी त्यांची फाइल कॉम्प्युटरमध्येच ठेवली आणि चष्मा पुढं केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसले. बोट बराच वेळ चाललं, मग एका जागी थांबलं. पडदा काळा झाला तरी ते तसेच बसून राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. जवळ जायचं नाही, हे शिकले होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी माऊस हलवला. अक्षरं आली, बाण हलला. त्यांनी आणखी तीन ओळी लिहिल्या, स्वतःच सेव्ह केलं आणि मला हाक मारली. त्या ओळी अशा होत्या:

‘ती खोकते हे बापाच्या आधी मला दिसलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो. तिला माझ्यापासून वेगळं बांधतील म्हणून मी सांगितलं नाही.’

"झालं पान," अण्णा म्हणाले.