मंजुळामावशी फोन कापत नाही

फसवणुकीचा फोन आला की कळव्याच्या आमच्या चाळीत लोक शिव्या घालतात. शेजारची मंजुळामावशी विचारते, "जेवलास का रे?"

पलीकडचा कधी बँकेचा मॅनेजर असतो, कधी थेट दिल्लीचा पोलीस. अटकेची धमकी द्यायला बसलेल्याला कुणी जेवणाचं विचारलं की तो गडबडून फोनच ठेवतो. मी एकदा म्हटलं, "मावशी, तुझ्यामुळे त्यांचा धंदा बसेल." ती हसली नाही.

तिचा सम्यक थायलंडला कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी गेलेला. एजंटनं त्याला विमानतळावरूनच भलत्या देशात पोचवलं. तिथून एकदाच फोन आला. "आई, इथे कोंडून ठेवलंय गं. फोन करून आपल्याच लोकांना फसवायला लावतात." मग काहीच नाही. तेव्हापासून मावशी एकही अनोळखी नंबर सोडत नाही.

परवा विहारात सायबर सुरक्षेवर बोलायला एक साहेब आलेले. पडद्यावर काळी टोपी ओढलेला, चेहरा नसलेला चोर. "देशाची सुरक्षा तुमच्या बोटावर आहे. अनोळखी फोन उचलू नका."

"म्हणजे सगळं आपल्या बोटावर ढकलून देश मोकळा," मी पुटपुटलो.

मावशी उभी राहिली. "साहेब, त्या चित्रातल्याला चेहरा आहे. माझ्याकडे फोटो आहे. त्याला सोडवायचं कुठं लिहिलंय?"

साहेब चित्रं पुढे-मागे करत राहिले. खरंच शोधत होते बिचारे.

घराकडे येताना तिचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"मॅडम, आपके नाम से एक पार्सल पकड़ा गया है..."

"जेवलास का रे बाळा?"

त्याची पार्सलची गोष्ट तिथंच तुटली. मागून मात्र तेच पार्सल, तीच धमकी, कितीतरी पोरांच्या आवाजात ऐकू येत राहिली. मग अगदी हळू, मराठीत, "काकी, फोन ठेवा. असे फोन उचलत जाऊ नका."

आवाज सम्यकचा नव्हता.

"तिथं सम्यक आहे का रे? कळव्याचा?"

फोन बंद. उलट लावला, तर तो नंबरच अस्तित्वात नव्हता.

मावशी चाळीच्या पायरीवर बसली. "त्याचं नाव विचारायचं राहिलं रे. त्याची आईपण कुठंतरी अशीच फोन धरून बसली असेल."

आता ती 'जेवलास का'च्या आधी नाव विचारते. अजून कुणी सांगितलेलं नाही.

काल माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. कापायला बोट गेलं, आणि तिथंच थांबलं.