दौलतरावजींची दोन बिले

दौलतरावजींची आणि माझी पहिली भेट गोंदियाच्या कचेरीबाहेर झाली. मी नवखा वकील. ते नागपूरच्या कायदेमंडळात नुकतेच निवडून गेलेले. "वकीलसाहेब, मले दोन बिलं मांडायची हायेत. इंग्रजी तुमची, म्हणणं माझं," एवढेच ते बोलले, आणि मी त्यांच्या कामाला लागलो तो आजतागायत. ते पंचाहत्तराव्या वर्षात पदार्पण करीत असताना त्या बिलांच्या अधिवेशनाची हकीकत सांगणे मला कर्तव्य वाटते. कारण तिच्यापायी त्यांनी बोल सोसले, खुलासा मात्र कधीच केला नाही.

पहिले बिल बेगारीविरुद्ध होते. सरकारी साहेबांचा दौरा निघाला की ऐन मळणीत कुळांच्या बैलगाड्या फुकट जुंपल्या जात. दुसरे होते तलावाच्या पाण्याचे. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, तलावाचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत, अगदी टोकाच्या धानशेतापर्यंत मिळणे हा कुळांचा हक्क ठरावा, मेहेरबानी नव्हे, असे त्यात म्हटले होते. दौलतरावजी स्वतःच मालगुजार. सडक अर्जुनीजवळच्या त्यांच्या गावचा तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला. तलावाचा कारभार पाहणारे थोरले बंधू बळीरामजी कडाडले, "घरचा माणूस घरावरच कायदा आणून राहिला! काऊन? मी पाणी चोरतो काय?"

"चोरत नाही, भाऊ. पण तुमच्या मनात आलं तं देता. मले ते 'मनात आलं' काढायचं हाय."

बंधूंनी त्यांच्याशी बोलणे टाकले.

नागपुरात काही मालगुजार सभासदांनी दौलतरावजींना गाठले. तलावाचे बिल मागे घ्या, बेगारीच्या बिलाला आम्ही मते देतो. नाहीतर दोन्ही पाडू, असा त्यांचा सौदा होता. मी संतापलो. दौलतरावजी म्हणाले, "एक तरी लोकांच्या घरी पोचू द्या." दुसऱ्या दिवशी सभागृहात तलावाचे बिल मागे घेऊन ते खाली बसले आणि पुढे कितीतरी वेळ त्यांनी मान वर केली नाही. बेगारीचे बिल मंजूर झाले.

गावी तलावाच्या पाळीवर सभा भरली. शेवटच्या बांधीचे शेतकरी मनिराम उभे राहिले. "तुमी भावाले वाचवलं, आमाले सोडलं."

सौदा सांगायला मी उठलो, तर दौलतरावजींनी मला हाताने खाली बसवले. "सोडलं, हे खरं हाय. पुन्हा मांडीन."

तेव्हा मागून बळीरामजी पुढे आले. "माझ्यासाठी मागं घेतलं म्हणता? यानं? मी बोलणं टाकलं, तरी हा हटला नाही! माझ्या नावानं याले डाग नको. यंदा पाणी पयले मनिरामच्या बांधीले." त्यांनी तिथल्या तिथे तलावाची पाणी सोडायची मोरी उघडायला माणूस पाठवला. त्या गावात पाण्याचा तोच क्रम आजही चालतो.

त्यांच्या मायेचा अनुभव मलाही आहे. माझी पत्नी हिवतापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा न सांगताच त्यांनी आपल्या सौभाग्यवतींना आमच्याकडे पाठवले. ती हिंडूफिरू लागेपर्यंत वहिनी आमचे घर सांभाळत होत्या. आभार मानू गेलो तर दौलतरावजींनी बिलातल्या एका कलमाचा विषय काढला.

तलावाचे बिल त्यांनी पुन्हा मांडले, आणि ते पडले. आता ते सभासद नाहीत. तरी नव्या सभासदांकडे मसुदा घेऊन जातात आणि दर खेपेस एखादा शब्द बदलतात. ते बिल मंजूर झालेले त्यांनी याचि डोळा पाहावे, आणि त्यानंतर त्यात दुरुस्त्या सुचवण्यासाठी आणखी पुष्कळ वर्षे ठणठणीत राहावे!