म्हाताऱ्याला उरकायचं आहे

भाऊजींनी लोखंडी पान्याचा पहिला घाव घातला तेव्हा माझी भाची खाली बसून त्यांच्या पायात मोजे चढवत होती. घाव खांद्यावर बसला. दुसरा तिने मनगटावर झेलला आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मी धावत जाऊन त्यांना मागून मिठी मारली. पण जन्मभर लेथवर लोखंड कातलेली ती मनगटं. त्यांनी मला कपाटावर असं आपटलं की आरसा माझ्या पाठीवर फुटला. भाची ओरडली नाही. "बाबा, मी आहे," एवढंच म्हणत राहिली. नेमकं तेच ऐकून ते आणखी चवताळत होते.

बहीण गेल्यापासून मी त्यांच्याकडेच राहतो, म्हणून या मुलीबद्दल लिहायचं धाडस करतोय. लहानपणी गुडघा खरचटला तरी रक्त बघून तिला चक्कर यायची. तीच पुढे अल्झायमरवर, म्हणजे माणसाचा मेंदू पोखरणाऱ्या त्या विसराळूपणाच्या आजारावर, संशोधन करू लागली. प्रयोगशाळेत तिच्याकडे तो आजार जडवलेले उंदीर असतात. ते वाट शिकतात, विसरतात आणि शेवटी त्यांना मारावं लागतं. कुठल्या पेशी मेल्या हे मेंदू कापल्याशिवाय दिसत नाही. एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेलो, तर तिने बेशुद्ध उंदराची मान पात्याखाली धरली होती. खटका दाबला, कवटी सोलली, इवलासा मेंदू बर्फावर ठेवला आणि हात धुऊन मला विचारलं, भाजी कोणती दिलीये. भाऊजी चांगले होते तेव्हा तिला चिडवायचे, "उंदीर मारायला एवढं शिकलीस? त्यापेक्षा मांजर पाळायची."

मग तोच आजार त्यांना झाला. त्यांना अशा रुग्णांच्या संस्थेत ठेवा, असं सगळ्यांनी सुचवलं. तिने ऐकलं नाही. बाबा त्यांच्या घरात, त्यांच्या पलंगावरच राहणार, यावर ती अडून बसली. पान्याच्या प्रकारानंतर मात्र डॉक्टरांनी बजावलं की पुन्हा हात उचलला तर त्यांना हलवावंच लागेल.

दुसऱ्या दिवशी त्यांना आंघोळ घालताना मी सहज विचारलं, पोरीवर का उठलात. ते माझ्या कानाशी आले.

"ती मला मारणार आहे. म्हाताऱ्याला उरकायचं म्हणाली. मी ऐकलंय."

मी हे भाचीला सांगितलं, तेव्हा तिला आपलंच बोलणं आठवलं. प्रयोगशाळेत वय झालेल्या उंदरांना म्हातारे म्हणतात, आणि 'मारणं' कुणी म्हणत नाही, 'उरकणं' म्हणतात. हल्ल्याच्या आदल्या रात्री जेवताना तिला प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचा फोन आला होता. उद्या म्हाताऱ्याला आधी उरकू, आपोआप मेला तर मेंदू वाया जाईल, असं ती बोलून गेली. समोर भाऊजी जेवत होते.

मग समजावून सांग की, मी म्हणालो. तिने सांगितलं, उंदरांचे फोटोही दाखवले. ते हसले, म्हणाले, असं होय. थोड्या वेळाने त्यांची नखं कापायला तिने कात्री उचलली आणि त्यांनी तिचा गळा धरला. तिचे ओठ निळे पडले. मला त्यांची बोटं एकेक करून उलटी वाकवावी लागली. एक बोट कटकन वाजलं तेव्हाच त्यांनी सोडलं.

"बोलणं पुसलं जातं, मामा," ती खोकत म्हणाली. "भीती दुसऱ्या कप्प्यात बसते. तो इतक्या लवकर रिकामा होत नाही. माझं सगळं काम याच्यावरच आहे."

गळ्यावरचे वळ डॉक्टरांना दिसू नयेत म्हणून तिने ओढणी गुंडाळली. त्याच आठवड्यात ती घर सोडून पलीकडच्या गल्लीत खोली घेऊन राहिली.

आता ती रोज सकाळी येते ती परिचारिकेचा कोट घालून, तोंडावर मास्क लावून. घरात एक शब्द बोलत नाही, कारण तिच्या आवाजाने ते थरथरतात. तिच्या हातून मात्र मुकाट्याने जेवतात. काल नखंसुद्धा कापून घेतली. मग एकदम तिचं मनगट करकचून धरलं, अगदी मोडलेलं होतं तिथेच.

"बाई, तुम्ही भल्या आहात," ते कुजबुजले. "माझी मुलगी येईल. तिला आत घेऊ नका."

तिने मान हलवली, उठली आणि दाराला आतून कडी घातली.