पत्रिकांच्या गठ्ठ्यात माझी एक

माझे वडील आमदार झाले तेव्हा आमच्या चर्चला आनंद झाला आणि त्यांच्या पक्षाच्या डोक्याला ताप. रविवारी प्रचार नाही म्हणजे नाही. मतदानाआधीच्या शेवटच्या रविवारीही पप्पा उपासनेला पहिल्या बाकावर. उद्घाटनाला नारळ फोडायचे नाहीत. दारूच्या दुकानासाठी शिफारस मागायला कोणी आलं, तर चहा पाजून परत पाठवायचे. तरी लोकांनी दोनदा निवडून दिलं. माणूस हट्टी आहे पण खोटा नाही, असं गावोगाव म्हणत.

त्यांचा एक नियम मात्र सगळ्यांच्या सोयीचा होता. मतदारसंघातून लग्नाची पत्रिका आली की जायचंच. लग्नसराईत टेबलावर पत्रिकांचा ढीग पडे. ड्रायव्हर काका त्या वेळेप्रमाणे लावत आणि दर मांडवाला दहा मिनिटं देत, जेवण कुठेच नाही. अक्षता पप्पांना चालत नसत, पण कोणाचं मन मोडायचं नसे, म्हणून खिशात शेवंतीच्या पाकळ्या. त्या देठापासून नीट सोडवून रुमालात बांधून द्यायचं काम लहानपणापासून माझं.

मी कामरगावच्या एका बौद्ध शिक्षकाशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, की लग्न चर्चमध्ये होईल, नाहीतर त्यांच्याशिवाय होईल. त्यासाठी त्याने धर्म बदलावा असं मला वाटत नव्हतं, आणि मी त्याला तसं विचारणारही नव्हते. पुढचे आठ महिने आम्ही बापलेक पाऊसपाणी, सोयाबीन, विधानसभा, सगळ्यावर बोललो. लग्न सोडून. हट्ट काही मी शेजारून उसना आणला नव्हता.

शेवटी मला राहवेना. एका सकाळी मी माझी पत्रिका त्यांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवली आणि गुपचूप निघून आले. मतदार तर मीही होतेच.

लग्नाच्या दिवशी पांढरी साडी नेसून मी मांडवात बसले होते आणि माझं सगळं लक्ष फाटकाकडे. ते आले नसते तर मी लग्न केलंच असतं, पण त्या दिवसाचा आनंद मला कधी मिळाला नसता. तेवढ्यात माइकवरून आमदार साहेब आल्याचं सांगितलं गेलं. ते नेहमीसारखे पुढच्या खुर्चीवर बसले. वंदना सुरू झाली तेव्हा त्यांनी हात जोडले नाहीत. मान खाली घालून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत राहिले, त्यांची प्रार्थना असावी.

मग सगळ्यांना फुलं वाटली, कारण तिथे अक्षता नसतातच. पप्पांनी वाटलेली फुलं घेतली नाहीत. खिशातून रुमाल काढला. माझ्या अंगावर पडल्या त्या पाकळ्यांत निम्मे देठ आणि हिरवी पानं होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्या स्वतः तोडल्या होत्या. मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

दहा मिनिटं झाली तसे ड्रायव्हर काका वाकून म्हणाले, "साहेब, अजून चार लग्नं रायली."

"त्याइले फोन कर," पप्पा म्हणाले. "म्हनाव, आज साहेबाच्या घरचं लगन हाये."

आणि चपला काढून ते पंगतीत जाऊन बसले.