तारमास्तरांचा डावा हात

आमच्या तारमास्तरांचा डावा हात कायम पाठीमागे, धोतराच्या कासोट्यात खोचलेला असे. कचेरीत तंबाखूची तलफ आली तरी तो बाहेर येत नसे. तंबाखू मीच मळून द्यायची. कल्याण स्टेशनात मी नव्यानेच तारबाबू म्हणून लागलो होतो. मला वाटलं, हात अधू असावा; एकदा विचारलंच.

"अधू कसला रे! काळजाचा शेजारी आहे तो," ते म्हणाले. "वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली, तर वाटेत काय लागतं? म्हणून त्याला घरी बसवलंय."

कल्याणात तेव्हा विजेचा दिवाही कुणी पाहिलेला नव्हता. पण एका विलायती मासिकात चित्र पाहून मास्तरांनी ठाकुर्लीच्या वाटेवरच्या आपल्या दीड खोलीत यंत्र उभं केलं होतं. फिरत्या चुंबकाभोवती तारेची तीन वेटोळी, आणि प्रत्येकाला वीज साठवायची एकेक पेटी, आत मेणकागद आणि कथलाचा वर्ख. दांडा मी फिरवायचो. ठरावीक वेगाला वीज अचानक चढे आणि पेटीवरच्या पितळी टोकांत ठिणगी उडे. "झोपाळाच आहे हा. नेमक्या वेळी बोट लावलं की झोका आढ्याला जातो," मास्तर म्हणत. पण तिन्ही पेट्या एकदम कधी जाग्या होईनात. तीन वर्षं हा माणूस त्यापायी वर्ख कातरत होता. बढती नाही, हौसमौज नाही. मला कधीकधी त्यांचा रागच यायचा.

दांडा थांबला की मास्तर खुंटीवरची साखळी काढत, लाकडी मुठीने धरून प्रत्येक पेटीच्या टोकांना लावत. फट्, फट्, फट्. "यंत्र थांबतं, पेटी थांबत नाही. तिच्या पोटात वीज राहते." त्याआधी कुणी हात लावायचा नाही.

"दसऱ्याला तरी ह्या मेल्याला झेंडू वाहा, म्हणजे धड चालेल," मास्तरांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या. मास्तरांनी ऐकलं. यंत्राला माळ घातली, कुंकू लावलं. मी दांडा फिरवला आणि तिन्ही ठिणग्या एकदम उडाल्या. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "थांब," ते म्हणाले. मी थांबलो.

मग त्यांनी डावा हात बाहेर काढला. दसऱ्याला हत्याराला एका हाताने कोण नमस्कार करतो? दोन्ही हात पेट्यांवर ठेवून ते वाकले. साखळी खुंटीलाच होती. मला ती दिसत होती, पण मीही हात जोडून उभा होतो.

कपाळ झेंडूत टेकलेलं तसंच राहिलं. "अहो, पुरे की नमस्कार, पानं वाढलीयेत," काकू आतून म्हणाल्या.

साखळीचं मी काकूंना कधीच सांगितलं नाही. तेवढी छाती झाली नाही.

आता देवळात गेलो की माझा उजवा हात पुढे होतो. डावा पाठीमागून सुटत नाही. लोक म्हणतात, म्हातारा उर्मट आहे.