पाटावर बसण्याचा हट्ट

'कदेल' या शब्दाचा मला राग यायला लागला तो देवळातल्या एका समाराधनेपासून. आमच्याकडे गोव्यात खुर्चीला कदेल म्हणतात. पानं मांडली होती, मी मांडी घालायला वाकणार, तोच एक वाढपी ओरडला, "ह्या आजोबांक कदेल दी रे!" आजोबा! त्याचे स्वतःचे केस माझ्यापेक्षा जास्त पिकलेले. पण माझे गुडघे त्याच्याच बाजूचे निघाले. भिंतीकडच्या टेबलावर, ऐंशीच्या पुढच्या मंडळींत बसून मी मुकाट्याने खतखतं-भात खाल्ला.

त्यात मुलीचं लग्न ठरलं. कन्यादानाला मी बायकोशेजारी पाटावर, मांडी घालूनच बसणार, असं मी जाहीर करून टाकलं. माझे वडील तीन मुलींच्या कन्यादानाला ताठ बसले होते आणि उठून थेट पंगतीत वाढायला गेले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, आतां सगळे कदेलारच बसतात." बायको म्हणाली, "सकयल बसपाक बसतले, पूण उठयतलो कोण?" खाली बसाल, पण उठवणार कोण, हा मला टोमणा वाटला. तो प्रश्न होता, हे कळायला चार महिने लागले.

डिचोलीला फिजिओथेरपिस्टकडे गेलो. माझ्या मुलीच्याच वयाची. गुडघ्याला शेक देईल, तेल सांगेल, असं वाटलं होतं. तिने मला खुर्चीत बसायला सांगितलं. बसलो. "परत बसा." परत बसलो. पाचदा बसवून म्हणाली, "काका, तुम्ही बसत नाही. शेवटची वीतभर स्वतःला टाकता. आणि टाकताना श्वास धरता. आत्ता वजन कुठल्या बाजूला आहे?" वजन काट्यावर कळतं, एवढंच मला ठाऊक. साखळीहून पणजीची बस आणि पणजीच्या ऑफिसातली खुर्ची, यांत माझी तीस वर्षं गेली. कुणाला माझ्या वजनाची बाजू हवी नव्हती. शेवटी तिने विचारलं, "आणि जमिनीवरून उठता कसे?"

"उठतो की! कसा म्हणजे?" मी वैतागून म्हटलं.

"घरी लक्ष ठेवा," ती म्हणाली.

तिने सांगितलेला व्यायाम म्हणजे दिवसातून जमेल तेवढ्या वेळा खाली बसायचं. आधी बुटक्या स्टुलावर, मग चादरीच्या घडीवर, मग नुसत्या जमिनीवर. बायकोला आयतंच सापडलं. नारळ खवायची आदोळी तिने माझ्यापुढे सरकवली. बुटकंच आसन हवं ना, मग हे घ्या! आमच्या कारापुरात एवढं खोबरं कुणी खवलं नसेल. महिन्याभराने मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जमिनीवर बसून लसूण सोलायला लागलो. कंबर ताठ, खांदे खाली, श्वास चालू. शेवटची वीतभरसुद्धा हळू उतरायला शिकलो.

याचा एक त्रास झाला. जग आदळतच बसतं, हे दिसायला लागलं. बसमध्ये लोक सीटवर पोतं टाकावं तसे पडतात. आमचे साहेब पडतात तेव्हा टेबलावरची पेनं हलतात. मी चार जणांना सांगून पाहिलं. चौघांनी तोंड फिरवलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असा माझा खाक्या झाला होता, पण ते तेव्हा मला कोण सांगणार!

लग्नासाठी घर रंगवून घेतलं. आठ दिवसांत स्वयंपाकघराच्या खिडकीच्या नव्या पांढऱ्या चौकटीवर पाच बोटांचा काळपट डाग. तळपायाची आग मस्तकात गेली. मी मुलीला हाक मारली आणि वाट्टेल ते बोललो. दिवसभर मोबाईल, हात कुठे पुसावेत ते कळत नाही, सासरी काय दिवे लावणार! तिने माझ्या हाताकडे बघितलं, फडकं आणलं आणि डाग पुसला.

लग्नाच्या दिवशी साखळीच्या हॉलमध्ये मी पाटावर बसलो. हळू, न आदळता. तासभर मांडी मोडली नाही. हातावरून पाणी सोडलं, मुलीचा हात जावयाच्या हातात गेला, तरी माझी पाठ वाकली नाही. वडिलांची आठवण आली. आपण जिंकलो, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू!

"आतां आवय-बापायन उठचें," भटजी म्हणाले.

बायको उठली. मी उठायला गेलो आणि माझा डावा हात आपसूक बाजूला गेला. आधार शोधत गेला. तिथे खिडकी नव्हती, पेटती समई होती. भटजींनी ती ओढून घेतली. मी परत पाटावर आदळलो. चार महिने बसायची तालीम केली होती. मला उठवत होती ती खिडकीची चौकट. व्हिडिओवाल्याने नेमका तेव्हाच दिवा माझ्या तोंडावर मारला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, कदेल हाडा!"

तेवढ्यात समोरून मुलीने जावयाच्या हातातला आपला हात काढून घेतला.

"अगो बाय, मध्येंच हात सोडचो न्हय!" भटजी ओरडले.

तिने लक्ष दिलं नाही. पुढे वाकून तो हात माझ्यासमोर केला. "बाबा, डावो हात दियात. तुमी सदांच डाव्या हातान उठतात."

मी डावा हात दिला आणि उठलो. तिने परत जाऊन आपला हात जावयाच्या हातात ठेवला. आणि तेव्हा मला तो डाग आठवला, मी बोललेलं सगळं आठवलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेळेवर सांगायला काय झालं होतं या पोरीला! पण सांगितलं असतं, तर मी ऐकणार होतो थोडाच?

संध्याकाळी ती सासरी, पेडण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने सवयीने सोलायची लसूण सुपात घालून पुढे ठेवली. सोलून झाली. उठताना डावा हात आपला आपण वर गेला आणि चौकटीवर टेकला. या वेळी मला तो जाताना कळला. उचलून पाहिलं, तर खाली तीच पाच बोटं, पुन्हा उमटलेली. ओरडायला आता घरात पोरगी नव्हती. मी फडकं शोधायला लागलो. ते ती कुठे ठेवत असे, तेही मला ठाऊक नव्हतं.